मानोलीचे गुडघे

आमच्या गल्लीत मॉर्मन पंथाचा नसलेला माणूस एकच, जुन्या ग्रीक चर्चचा मानोली पेत्राकिस. वॉर्डात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, नवे मिशनरी आले की पहिल्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर कोणी ना कोणी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, "त्या निळ्या दाराच्या घरात एक म्हातारा राहतो. माणूस फार चांगला आहे. त्याच्याकडे जरूर जा." पुढच्या रविवारी दुसरं कोणी तेच सांगायचं. मिशनरी म्हणजे घरापासून दूर धर्मप्रचाराला पाठवलेली विशीतली मुलं; ती उत्साहाने जायची. मानोली त्यांना आत घ्यायचा, धर्माचा पाठ ऐकायचा, मध्ये एखादी शंका काढायचा आणि निघताना "बघू" म्हणायचा. काही महिन्यांनी त्या मुलांची बदली व्हायची, नवी जोडी यायची, आणि आमच्यातलं कोणीतरी पुन्हा त्यांना बाजूला घ्यायचं.

आम्हालाही इलाज नव्हता. मॉर्मनांनी भरलेल्या युटामध्ये, त्यातून आमच्यासारख्या गावात, मिशनऱ्यांनी दार वाजवावं तरी कोणाचं? दार उघडणारी बाई म्हणायची, "अरे बाळांनो, माझा मुलगाही सध्या मिशनवरच आहे, पेरूमध्ये. या आत, पाय बनवलाय." पाय म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ. मुलं खाऊन बाहेर पडायची. पुढच्या दारात पुन्हा पाय.

त्या वर्षी नाताळानंतर आलेली जोडी होती एल्डर लेविट आणि एल्डर फोनुआ. एल्डर म्हणजे वडीलधारा, पण आमच्यात मिशनरी पोरांनाच तसं म्हणतात; बाकी सगळे ब्रदर नाहीतर सिस्टर. लेविट कॅनडातल्या कार्डस्टनचा, काडीसारखा उंच, कान बाहेर आलेले. त्याला मादागास्कर हवं होतं. कुठे पाठवणार हे कळायच्या दिवशी त्याच्या आईने सगळा गोतावळा जमवला होता आणि पृथ्वीच्या गोलाचा केक केला होता. लेविटने सगळ्यांसमोर पत्र फोडून मोठ्याने वाचलं, "युटा." त्याची मावशी म्हणाली, "बरं झालं, लस टोचून घ्यायला नको." हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं, पण हसला नाही.

फोनुआ टोंगाचा. दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा, इतका रुंद. त्याचं इंग्रजी बेताचं होतं, आणि बर्फ त्याने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात पाहिलं. त्याची अडचण वेगळीच होती. टोंगाची माणसं भरपूर खातात असं आमच्याकडे सगळ्यांचं पक्कं मत, त्यामुळे ज्या घरी जेवायला जाईल तिथे त्याच्या ताटात डोंगर वाढायचे. प्रत्यक्षात त्याला लवकर पुरे व्हायचं. लेविटला मात्र कितीही वाढलं तरी कमीच. यजमानांनी डोळे मिटून आभाराची प्रार्थना सुरू केली की दोघं ताटं बदलायचे. मी एकदा डोळे किलकिले करून पाहिलं म्हणून मला माहीत. वॉर्डात पियानो मी वाजवते, आणि डोळे मिटून बसायची मला सवय नाही.

मानोलीच्या घरीही त्यांचा एक ठरलेला खेळ व्हायचा. मानोली छोट्या पितळी भांड्यात कॉफी उकळायचा आणि विचारायचा, "घेणार?"

"नाही मिस्टर पेत्राकिस, आम्ही कॉफी घेत नाही."

"हो, विसरलोच." तो विसरलेला नसायचा. आमच्या धर्मात कॉफी निषिद्ध, आणि त्याची बायको लारू आमच्यातलीच होती. जन्मभर तिने त्याच्या घरात कॉफीचा वास सहन केला आणि एक घोटही घेतला नाही. मानोली मग त्या मुलांना छोट्या कपांमध्ये नुसतं गरम पाणी द्यायचा, आणि मुलं बशी धरून ते फुंकर मारत प्यायची.

लारूला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि मुलगी दुसऱ्या गावी होती. मानोली खाणीत जन्म काढलेला माणूस, त्याचे गुडघे कामातून गेले होते. घरातल्या घरात तो भिंतीला हात लावत फिरायचा. त्या जानेवारीत त्याच्या डॉक्टरने त्याला सांगितलं की गोळ्यांनी काही होणार नाही, कोमट पाण्यात उतरून पाय हलवा, आता आणखी वाट बघू नका. गावचा तरणतलाव हिवाळ्यात बंद असतो. मानोली दोन दिवस विचार करत बसला आणि त्याला एकदम आठवलं की आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यात बुडवून माणसाला पंथात घ्यायचा, हौद आहे. लारूच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला त्याने तो पाहिला होता. पायऱ्या होत्या, धरायला कठडा होता, आणि पाण्यातून वाफ येत होती.

त्या दिवशी नेमके ते दोघं आले. पुढचं फोनुआने मला नंतर सांगितलं.

पाठ संपला. मानोलीने कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या त्या हौदातलं पाणी गरम असतं ना?"

लेविट म्हणाला, "हो, कोमट असतं."

"कुठपर्यंत येतं?"

"कमरेच्या वर. का?"

"मला उतरू द्याल का त्यात?"

लेविटने कप बाजूला ठेवला. "तुम्ही... तुम्हाला पाण्यात उतरायचंय?"

"कधीपासून मनात आहे. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत? मिस्टर पेत्राकिस, आमची कसली हरकत!"

"मला वाटलं, बाहेरच्या माणसाला चालत नसेल."

"बाहेरच्या माणसासाठीच तर आहे तो!"

"मग बरं. येत्या शनिवारी जमेल?"

फोनुआला काहीतरी खटकलं. त्याने चाचरत विचारलं, "पण आत्ताच का?"

"डॉक्टर म्हणाला, या वयात आता थांबण्यात अर्थ नाही," मानोली म्हणाला.

लेविटचे डोळे भरून आले. त्याने मानोलीचे दोन्ही हात हातात घेतले. मानोलीला ते जरा जास्तच वाटलं, पण कॅनडाची माणसं अशीच असतील अशी त्याने समजूत करून घेतली.

बाहेर बर्फात आल्यावर फोनुआ म्हणाला, "एल्डर, आपण परत जाऊन एकदा नीट विचारू या का?"

"आता आणखी काय विचारायचं? त्यांनी स्वतः मागितलं! जन्मभर लोक त्यांच्या मागे लागले, आणि आज त्यांनी स्वतः मागितलं. आणि ऐकलंस ना, डॉक्टरने काय सांगितलंय?"

आपलं इंग्रजी कच्चं, आपल्यालाच कळलं नसेल, असं फोनुआला वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांचं जेवण व्हर्ला टिडवेलकडे होतं. व्हर्ला विधवा, तिचा नवरा ड्वेन वारला होता. घरात दुसरा पुरुष नसेल तर मिशनऱ्यांनी एकट्या बाईच्या घरात जायचं नाही हा नियम, म्हणून हिवाळा असो की उन्हाळा, त्यांना तिच्या पायरीवर बसून जेवावं लागायचं. व्हर्ला उघड्या दारात शाल गुंडाळून उभी राहायची आणि गप्पा मारायची. लेविटला धीर निघाला नाही. पहिल्या घासालाच त्याने सांगून टाकलं.

व्हर्ला लारूची जिवाभावाची मैत्रीण होती. तिने दाराची चौकट धरली. "मानोली? आपला मानोली?"

"हो, सिस्टर टिडवेल. शनिवारी."

"आणि डॉक्टर काय म्हणाले म्हणालास?"

"थांबण्यात अर्थ नाही म्हणाले."

व्हर्लाने मुलांना तसंच पायरीवर सोडून दार लावून घेतलं आणि फोनला हात घातला. बर्फात बसलेल्या मुलांचं जेवण थिजून गेलं. रात्र पडायच्या आत वॉर्डातल्या सगळ्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. मानोली बाप्तिस्मा घेणार आहे, आणि मानोली फार दिवसांचा सोबती नाही.

तो आठवडा मानोलीला विचित्र गेला. सकाळी उठून पाहावं तर अंगणातलं बर्फ कोणीतरी उपसून टाकलेलं. दारात झाकलेली भांडी येऊन पडायला लागली. बटाटा, चीज आणि वरून चुरलेले कॉर्नफ्लेक्स असा एक पदार्थ आमच्याकडे अंत्यविधीला करतात, तो तीन घरांतून आला. मानोलीने तो ओळखला. लारू गेली तेव्हा तो आठवडाभर तेच खात होता. आता कोण गेलं हे त्याला कळेना.

समोरचा ब्रदर पगमायर येऊन म्हणाला, "काही दुखतंय का रे?"

"काय दुखत नाही ते विचार."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"तोच म्हणतो, पाण्यात उतर."

पगमायरने टोपी काढली. मानोलीचा डॉक्टर आमच्याच धर्माचा आहे, त्यामुळे त्याने असं सांगितलं यात पगमायरला काही वावगं वाटलं नाही. उलट डॉक्टरबद्दल त्याचा आदर वाढला.

मग व्हर्ला टेप घेऊन आली.

"हात वर कर."

"कशाला?"

"शनिवारी पाण्यात घालायला काहीतरी लागेल ना तुला?"

"माझी जुनी निळी चड्डी आहे की."

"निळी चालत नाही. पांढरं लागतं."

"बरं बाई. हौद तुमचा, नियम तुमचे." मानोलीने हात वर केले. कंबरेचं माप घेताना व्हर्लाला हुंदका आला. मानोलीला वाटलं, आपण बारीक झालोय ते पाहून तिला वाईट वाटलं. तो म्हणाला, "खातो गं मी. बटाटे खातोय सध्या."

या सगळ्याला लगाम घालू शकला असता असा माणूस म्हणजे आमचे बिशप ज्यूक्स. आमच्यात बिशप पगारी नसतो; त्यांचं टायरचं दुकान आहे, आणि ते त्या आठवड्यात लास व्हेगासला टायरवाल्यांच्या मेळाव्याला गेले होते. बाप्तिस्म्याआधी शेजारच्या प्राइस गावातला मिशनऱ्यांचा प्रमुख, एल्डर ब्रिंगहर्स्ट, येऊन त्या माणसाची मुलाखत घेतो. तोही बर्फामुळे अडकला आणि मुलाखत शनिवारीच, विधीच्या अगोदर घ्यायची ठरली. मानोलीचे पाठ झालेत का, असं कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. एकेक पाठ त्याने इतक्या जोड्यांकडून ऐकला होता की वॉर्डात त्याच्याइतके पाठ कोणाचे झाले नसतील.

शनिवारी चर्चमध्ये मी लवकर गेले. हौद सकाळपासून भरत होता आणि काचेवर वाफ धरली होती. हळूहळू माणसं यायला लागली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मधली सरकती भिंत उघडावी लागली. व्हर्लाने पांढरी पँट आणि शर्ट इस्त्री करून हँगरला लावून आणला होता. लेविट केस चापूनचोपून भांग पाडून उभा होता आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करत होता. फोनुआ माझ्या पियानोजवळ येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, हा शब्द बरोबर आहे का? माणूस पाण्यात उतरतो तेव्हा एकच अर्थ होतो ना?" मी म्हटलं, "चर्चमध्ये तरी एकच." त्याने मान हलवली, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

बाहेर मानोलीचा पिकअप थांबला. तो आत आला तो अंघोळीच्या झग्यात. खाली उघड्या पोटऱ्या, पायात रबरी चपला, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. दारातच त्याने एवढी माणसं पाहिली, सगळी कोट-टाय आणि रविवारचे कपडे घातलेली. त्याने झगा घट्ट आवळला.

"माफ करा," तो म्हणाला, "लग्न आहे का? मी नंतर येतो."

ब्रिंगहर्स्टने पुढे होऊन त्याला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आम्ही बसून राहिलो. मी काहीतरी हळूहळू वाजवत राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आधी ब्रिंगहर्स्ट बाहेर आला. तो पोरगेला मुलगा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात बाहेरच्या दारातून बिशप ज्यूक्स प्रवासाच्याच कपड्यांत धावत आत आले, आणि ब्रिंगहर्स्टने त्यांच्या कानात सांगितलं. पण खोलीत एवढी शांतता होती की ते पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं.

"बिशप, त्यांचे गुडघे दुखतात."

मानोली मागून आला. त्याने हँगरवरचे पांढरे कपडे पाहिले. भिंतीशी मांडलेलं खाणं पाहिलं. व्हर्लाकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हा सगळं कळलं. तो एका खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"म्हणजे हे सगळं माझ्यासाठी?"

"तूच म्हणालास ना," व्हर्ला म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तूच म्हणालास, मनात होतं म्हणून."

"गुडघे शेकायचं मनात होतं, व्हर्ला."

"आणि तू मरणार नाहीस?"

"मरेन की. पण डॉक्टरने तारीख नाही दिली."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. लेविट भिंतीशी उभा होता. त्याचे कान लालबुंद झाले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

पगमायर म्हणाला, "मानोली, पण आता आलाच आहेस. पाणी भरलंय. माणसं जमलीत. एवढं सगळं आहे तर..."

काही जणांनी माना डोलावल्या. मानोली भला माणूस आहे हे आम्हाला माहीत होतं. एवढ्या लोकांना नाराज करणं त्याच्या जिवावर येईल, हेही आमच्यातल्या काहींनी त्या क्षणी धरलं असावं.

"दर ईस्टरला लारू मला विचारायची," मानोली म्हणाला. "भांडून नाही, साधं विचारायची. आणि मी तिच्या तोंडावर नाही म्हणायचो. तिला नाही म्हटलं ते तुम्हाला गुडघ्यांपायी हो म्हणू? तसं नाही चालणार, पगमायर."

बिशपनी पगमायरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. "मानोली बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "आणि मानोली, हौदात नुसतं शेकायला मी तुला उतरू देऊ शकत नाही. ते पाणी त्यासाठी नाही."

"कळलं मला ते आता. आमच्या फादरनेही नसतं दिलं." तो जायला वळला.

"कुठे निघालास?" बिशप म्हणाले. "खाऊन जा. एवढं कोण संपवणार?"

म्हणून मानोली झग्यात बसून जेवला. सुरुवातीला त्याच्या टेबलाशी कोणी जाईना. मग फोनुआ आपलं ताट घेऊन गेला आणि त्याच्या शेजारी बसला. मानोलीने त्याच्या ताटाकडे पाहिलं. "एवढंच?"

"मला एवढंच लागतं."

"मग सगळे तुला एवढं का वाढतात?"

"माहीत नाही, मिस्टर पेत्राकिस. कोणी विचारत नाही."

मानोली हसायला लागला. त्याला हसू आवरेना, टॉवेलने डोळे पुसत तो हसत राहिला. फोनुआही हसला. त्याचं हसणं मोठं, खोलीभर होणारं. मग मात्र सगळ्यांचाच बांध फुटला. बिशपसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसले. व्हर्ला तेवढी हसली नाही. ती पांढरे कपडे घडी घालून पिशवीत भरत होती. आणि लेविट हौदाच्या खोलीत जाऊन पाणी सोडायचा दांडा फिरवत बसला होता.

तिसऱ्या दिवशी व्हर्ला मानोलीच्या दारात उभी राहिली. "माझ्या मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब आहे," ती रागातच म्हणाली. "ड्वेनने हौसेने घेतला होता. तो गेल्यापासून झाकून पडलाय. येऊन पाय हलव."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला शनिवार पुरेसा आहे."

पण लोकांचं नाही तरी बिशपचं ऐकावं लागलं. विधुर माणूस विधवेच्या अंगणात अर्ध्या कपड्यात बसणार म्हटल्यावर कोणीतरी सोबत हवं. बिशपनी मिशनच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मुलांना बसू दे. पण ती पाण्यात उतरणार नाहीत, आणि त्यांनी कोट काढायचे नाहीत."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ते दृश्य आमच्या गल्लीला दिसायचं. टबमध्ये मानोली गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर लोकरीची टोपी. दोन बाजूंना दोन खुर्च्या, त्यांवर काळे ओव्हरकोट घातलेले, छातीवर नावाची पाटी लावलेले दोन मिशनरी. बर्फ पडत असलं तर दोघांच्या हातांत छत्र्या. व्हर्ला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "पाय हलव, नुसता बसू नकोस!"

लेविट पहिले काही दिवस तोंडातून अक्षर काढत नव्हता. शनिवारची गोष्ट शेजारच्या जिल्ह्यापर्यंत गेली होती आणि त्याच्या आईलाही कळली होती. मिशनऱ्यांच्या बैठकीत कोणीतरी त्याला गुडघ्याला बांधायचा पट्टा भेट दिला होता. एकदा मात्र तो अचानक म्हणाला, "मिस्टर पेत्राकिस, एक विचारू? तुम्ही त्यांना नाही का म्हणालात? तुमच्या पत्नीला?"

फोनुआ सांगतो, मानोली पाय हलवायचा थांबला. त्याने गळ्यातली साखळी पाण्याबाहेर काढली. तिला बोटाच्या पेराएवढा क्रूस होता, एका बाजूने काळवंडलेला.

"माझा बाप खाणीत गेला, स्फोटात. त्याला बाहेर काढलं तेव्हा ओळखायला काही राहिलं नव्हतं. हा त्याच्या बाप्तिस्म्याचा. क्रीटहून गळ्यात घालून आला होता. आईने यावरून ओळखलं." त्याने तो पुन्हा पाण्यात सोडला. "तुम्ही हा काढ म्हणत नाही, माहीत आहे मला. पण लहानपणीच आमच्या चर्चमध्ये माझाही बाप्तिस्मा झालाय, त्याच्यावर दुसरं पाणी घाल म्हणता. ते माझ्याने होत नाही."

खिडकी उघडी होती. व्हर्ला तिथेच होती, तिनेही ऐकलं. तिला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला तो हेकेखोरपणा वाटत आला होता, आणि लारूने मैत्रिणीलाही कधी नवऱ्याच्या घरची गोष्ट सांगितली नव्हती. व्हर्ला बाहेर आली, गरम चॉकलेटचे तीन पेले ठेवले आणि म्हणाली, "तू मेलास की मात्र मी तुझ्या मुलीकडे तुझ्या नावाने बाप्तिस्म्याची परवानगी मागणार आहे. आत्ताच सांगून ठेवते." आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो.

"माग की. तेव्हा काही दुखत नसेल मला."

लेविटने पुन्हा कधी त्याला विचारलं नाही. खुर्चीत बसून तो खाणीतल्या गोष्टी ऐकायचा. पुढे पुढे तो स्वतःही बोलायला लागला, मादागास्करबद्दल, घरच्याबद्दल. मिशनच्या अध्यक्षांनी फोनवर विचारलं की सध्या कोणाला पाठ देताय, तर त्याने सरळ सांगितलं, "कोणालाच नाही, सर. सध्या आम्ही एका म्हाताऱ्याबरोबर बसतो." अध्यक्ष काय म्हणाले ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. पण त्याची बदली झाली नाही, मे सरेपर्यंत तो आमच्याकडेच राहिला.

मेच्या शेवटी आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जातात. गावची दफनभूमी टेकडीवर आहे आणि गाडी फाटकापर्यंतच जाते. त्या सकाळी मानोली फाटकाशी पिकअपमधून उतरला. हातात लायलॅकची जांभळी फुलं होती. मुलं त्याला आधार द्यायला पुढे झाली तर त्याने हात झटकला. "मागे राहा. पडलो तर उचला."

तो चढला. थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढला. लारूला पुरलं त्या दिवशी त्याला खुर्चीत बसवून वर नेलं होतं, त्यानंतर तो वर आलाच नव्हता. गुडघ्यांचा एवढा ध्यास त्याने का घेतला होता ते व्हर्लाला तिथे कळलं, आम्हाला तिच्याकडून.

लारूचं थडगं जोडनावाचं आहे. एका बाजूला तिचं नाव आणि जन्म-मृत्यूची दोन्ही सालं, दुसऱ्या बाजूला मानोली पेत्राकिस आणि एकच साल. दुसऱ्याची जागा कोरी. लेविट त्या दगडाकडे बघत राहिला.

"मला वाटलं, तुम्ही तुमच्या लोकांमध्ये..."

"तिथे बाप आहे, आई आहे," मानोली म्हणाला. "इथे ही आहे. दोन ठिकाणी कसं झोपणार?" त्याने फुलं ठेवली. मग लारूच्या नावावर वाढलेलं गवत उपटायला तो हळूच खाली बसला. ते झाल्यावर स्वतःच्या नावावरचंही उपटलं.

फोनुआने विचारलं, टोंगाच्या भाषेतलं एक भजन म्हटलं तर चालेल का. मानोली म्हणाला, म्हण, तिला गाणी आवडायची, आणि ती तिथे बसून त्याचा अर्थ विचारणार नाही. फोनुआने म्हटलं. टेकडीवर इतर थडग्यांपाशी असलेली माणसं थांबून ऐकायला लागली. व्हर्ला शेजारच्या रांगेत ड्वेनपाशी होती, ती तिथूनच डोळे पुसत होती.

भजन संपलं तरी मानोली उठला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एल्डर लेविट."

"हं?"

"चढायचं डॉक्टरने शिकवलं. खाली बसल्यावर उठायचं कसं ते शिकवायचं राहिलं."

दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला उभं केलं. त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर हिरवे डाग पडले होते. लेविट वाकून ते झटकायला लागला.

"राहू दे, राहू दे," मानोली म्हणाला. "चला, व्हर्लाने कोकरू भाजायला टाकलंय. जळून जाईल."